पाण्याकडची झडप

एनॉक व्हिटलला मी एकदा चारचौघांत गाढव म्हटलं होतं. एकदा कसलं, चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात दर आठवड्याला म्हणत होते. माझं तोंडच फाटकं. तीस वर्षं मी कोळशाची बोट चालवते, सेव्हर्न नदीवर आणि तिला येऊन मिळणाऱ्या कालव्यांवर. बोटीत संसार करणाऱ्यांना कोळसा, डिझेल, गॅसच्या टाक्या नेऊन देते. पंचवीस किलोचं पोतं छातीशी कवटाळून एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर पाय टाकून बघा, मग सांगा तोंडातून फुलं पडतात का.

आता एनॉकही गेला. गेल्या महिन्यात, झोपेत. म्हणून तर बोलतेय. तो आहे तोवर यातलं अक्षरही काढायचं नाही, अशी त्याच्या बायकोने, नेस्टाने, मला शपथ घातली होती. या थेल्माने, म्हणजे मी, चार वर्षं तोंड मिटून ठेवलं असं कोणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसतील. पण ठेवलं.

एनॉक बोटीतच जन्मला. म्हणजे खरोखरच बोटीत, दोन लॉकांच्या, म्हणजे बोटी चढवायच्या-उतरवायच्या पाण्याच्या दरवाजांच्या, मधल्या पाण्यात, थंडीत. त्याचे आईबाप, आजेपणजे सगळे मालवाहू बोटींवरचे. आज कोळसा, उद्या मीठ, परवा मडकी. आज इथे तर उद्या तिथे असल्या पोराला कुठला मास्तर हजेरीपटावर घेणार? वाचायला त्याला शेवटपर्यंत आलं नाही. पण सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद बोट तो सुकाणूच्या दांड्याला नुसतं कुल्याने ढकलून वळवायचा, हातात चहाचा मग तसाच. त्याची बोट जुनी, बापाकडून आलेली. नाव ‘ॲडा’. ते त्याच्या आईचं नाव.

नेस्टा मात्र जमिनीवरची. वेल्सच्या सीमेवरच्या एका पाववाल्याची मुलगी. लग्न होताच एक सुटकेस घेऊन ‘ॲडा’वर चढली ती परत उतरलीच नाही. बापाने विचारलं म्हणे, “त्या बोळात राहणार तू?” ती म्हणाली, “बोळच आहे बाबा, पण चालता आहे.”

ते खरंच होतं. ‘ॲडा’च्या डाव्या अंगाला, भांडी घासायच्या सिंकच्या बरोबर वर, दोन पाखांची झडप होती. ती उघडली की समोर सगळं जग. उजव्या अंगाला नुसती कपाटं, आणि वर छताला टेकलेल्या वाडग्याएवढ्या दोन गोल काचा. म्हणजे बाहेर बघायचं तर त्या झडपेतूनच. नेस्टाने बावन्न वर्षं त्या झडपेपुढे भांडी घासली. शेतं, बगळे, गळ टाकून बसलेले रिकामटेकडे, पुलाखालचा अंधार, सगळं तिच्या साबणाच्या फेसावरून पुढे सरकायचं. आमच्यातले बरेच जण एका ठिकाणी चौदा दिवसांवर थांबत नाहीत, नियमच आहे तो. नेस्टाला तेवढेही जास्त व्हायचे. आठव्या दिवशी म्हणायची, “एनॉक, हे झाड पाठ झालं रे माझं.” की एनॉक दोर सोडायचा. आणि जिथे बांधतील तिथे हंस यायचे. हंस मोठे लबाड, कुठल्या बोटीत पाव मिळतो ते त्यांना बरोबर कळतं. झडप बंद असली तर चोचीने पत्र्यावर ठक ठक करायचे. नेस्टा म्हणायची, “आले बघ जावई.” त्यांना मूलबाळ नव्हतं.

मग तिचं हृदय थकलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दोनदा ती लॉकच्या कट्ट्यावर मटकन बसली. डॉक्टर म्हणाले, आता फिरणं बंद. जिथे ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येईल अशी कायमची जागा घ्या. एनॉकने आयुष्यभर मरीनाला, म्हणजे बोटी कायमच्या बांधून ठेवायच्या बंदिस्त तळ्याला, नावं ठेवलेली. बोटींचा कोंडवाडा म्हणायचा. ऑक्टोबरात एक दिवस माझ्याकडे आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, “पोरी, जरा माझ्याबरोबर चल. त्या लोकांकडे कागद असतात.”

एकोणऐंशी वर्षांचा माणूस. पण मी म्हटलं, “चल की. कोंडवाड्यात जायला एवढी लाज कसली?”

निघताना नेस्टाने झडपेतून डोकं बाहेर काढलं. “एनॉक, मला काही नको हं. नुसतं भांडी घासताना पाणी दिसू दे.”

“दिसेल,” तो म्हणाला.

एवढंच मागितलं होतं तिने. बावन्न वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं, असं एनॉकनेच मला गाडीत सांगितलं.

आम्ही माझ्या खटाऱ्यातून तीन जागा बघितल्या. पहिली नदीच्या वरच्या अंगाला, एका दारूच्या गुत्त्यामागे. एनॉक बोटी बांधायच्या कड्यांकडे बघेचना. वर विलोच्या झाडाकडे बघत राहिला. त्याच्या डोक्याच्याही वर, फांदीला वाळकं गवत आणि एक प्लास्टिकची पिशवी अडकली होती. “इथे नदी झाडावर चढते,” म्हणाला, आणि वळला. दुसरी जागा नवीकोरी, काचेची खानावळ वगैरे. तिथल्या पोरीने आम्हाला नियम सांगितले. छपरावर कोळशाची पोती नकोत, दोरीवर कपडे नकोत, बादल्या नकोत, आणि आधी बोटीचा फोटो पाठवा, पसंत पडली तर कळवू. एनॉक म्हणाला, “बोटीचं लग्न लावायचंय का?” मी एवढी हसले की पोरीने दार दाखवलं.

तिसरी जागा एल्व्हर्ली गावाला लागून. गाव नदीकाठी, चढावर चर्च, खाली जुना पूल, आणि पुलाच्या अलीकडे खडीच्या बंद पडलेल्या खाणीत पाणी सोडून केलेला मरीना. साधा, जुना. धक्के तरंगते, नदीला पूर आला की बोटींसकट वर उचलले जाणारे. एनॉकने पायाने दाबून बघितलं. हाताचं ओलं बोट वर धरून वारा बघितला. पाण्यात पावाचा तुकडा टाकला आणि कोण येतं ते बघत बसला. कुठूनसे दोन हंस आले. “चालेल,” म्हणाला.

मॅनेजर होते मिस्टर प्राइस, बिचारा सरळ माणूस. ते म्हणाले, “दोनच जागा रिकाम्या आहेत. एक अगदी टोकाला, नदीच्या तोंडाशी. सुंदर आहे, तीन बाजूंनी पाणी. दुसरी ही, फाटकाजवळची.”

टोकाची जागा बघून मलाच तिथे राहावंसं वाटलं. एनॉक मात्र मागे वळून फाटकाकडे बघत होता. मग म्हणाला, “थेल्मा, तुझी कोळशाची ढकलगाडी आहे ना गाडीत? काढ. आणि बस तिच्यात.”

“मी?”

“नेस्टा एवढीच आहेस तू, थोडी जास्तच. बस.”

बसले. काय करता? पाय पसरून मी त्या ढकलगाडीत, आणि मागून हा म्हातारा मला ढकलतोय, टोकापासून फाटकापर्यंत. धक्का जेमतेम तीन फुटी, पावलागणिक डुलणारा. बोटीबोटीतून लोक बाहेर आले. कोणीतरी ओरडलं, “राणीसाहेबांची स्वारी कुठे?” मी काय उत्तर दिलं ते इथे सांगत नाही. पहिल्या वळणावर चाक अडलं. गाडी वळेना. मला उतरावं लागलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. फाटकाशी पोचलो तेव्हा एनॉकला धाप लागली होती आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“स्ट्रेचर अडेल,” तो म्हणाला. “तीनशे दहा पावलं आहेत, थेल्मा. आणि दोनदा अडेल.”

फाटकाजवळची जागा सोळा पावलं. त्याने ती घेतली. मी कागद वाचून दाखवले, त्याने फुली मारली.

आता त्या जागेचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. रांगेतली ती पहिली जागा. एका बाजूला एक मोठी निळी बोट, तिचा मालक थंडीत स्पेनला जाऊन राहणारा. दुसऱ्या बाजूला मोकळं पाणी, थेट नदीच्या तोंडापर्यंत. ‘ॲडा’ तोंड काठाकडे करून आत घातली, तर डावी बाजू, म्हणजे झडप, निळ्या बोटीकडे येणार. उलटी घातली, म्हणजे आधी फिरवून मग मागे मागे नेत आत घातली, तर झडप मोकळ्या पाण्याकडे. साधी गोष्ट. मरीनात अर्ध्या बोटी उलट्याच बांधलेल्या असतात. मी तिथल्या तिथे म्हटलं, “उलटी घाल, म्हणजे दोन्ही साधेल. सोळा पावलंही आणि पाणीही.”

“बघू,” एनॉक म्हणाला.

आणि आठवड्याने ‘ॲडा’ आणली ती सरळ, तोंड आत करून घातली. मी धक्क्यावर उभी. मी ओरडले, “अरे, फिरव! फिरव ना!” त्याने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. दोर बांधला, इंजिन बंद केलं. आतून झडप उघडल्याचा आवाज आला. मी धक्क्यावरून वाकून बघितलं. नेस्टाच्या चेहऱ्यापुढे हातभर अंतरावर निळा पत्रा. खाली दोन बोटींमध्ये हाताएवढी काळी फट. ती क्षणभर त्या पत्र्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “रंग छान आहे,” आणि किटली चढवली.

माझं डोकं फिरलं. “एनॉक, हे काय?”

“उलटी घातली की वारा मागून लागतो.”

“वारा? इथे? खड्ड्यात?”

“आणि दार ओलं होतं.”

“तुला मागे घेता येत नाही का आता? सांग तसं. मी घालून देते.”

हे त्याला लागायला हवं होतं. बोटीवाल्याला याहून मोठी शिवी नाही. पण तो नुसता दोराची गाठ पुन्हा पुन्हा बघत राहिला.

मी नोव्हेंबरभर भांडले. दर मंगळवारी कोळसा घेऊन जायचे आणि कोळशाबरोबर शिव्याही उतरवायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मिस्टर प्राइसना सांगून निळ्या बोटीच्या मालकाला दोन पत्रं धाडली, जरा बोट हलवा म्हणून. स्पेनहून उत्तर नाही. नेस्टाला म्हटलं, “तू तरी सांग ना त्याला. तुझं ऐकेल.” ती हसून विषय बदलायची. उठायचं, चहा करायचा, कपबशा विसळायच्या आणि त्या निळ्याकडे बघायचं. दुपारी दमून आडवं व्हायचं. हंस पलीकडच्या बाजूने यायचे, कपाटांच्या मागे, ठक ठक करून जायचे. त्या फटीत त्यांना शिरताच येत नव्हतं. एकदा माझ्यासमोर ठक ठक झाली. नेस्टाने मान वर केली, वाडग्याएवढ्या काचेकडे बघितलं, आणि म्हणाली, “जावई आले वाटतं. सासू घरात नाही म्हणावं.”

मी घरी येऊन रडले. रागाने रडले, खोटं कशाला बोलू.

जानेवारीत दोन दिवस कोरडे निघाले. थंडी अशी की नाकातलं पाणी गोठेल, पण कोरडं. मी मंगळवारची गेले तर काय बघते, एनॉक सिंकवर पालथा पडलाय, अर्धा झडपेतून बाहेर, आणि नेस्टा दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरून बसलीय, तो खाली फटीत जाऊ नये म्हणून. त्याच्या हातात कुंचला. एनॉक रंगकामात वाकबगार. बोटीवरच्या बादल्या, किटल्या, दारं यांवर गुलाब आणि किल्ले रंगवायची जुनी चाल आहे आमच्यात, आणि त्याच्यासारखे गुलाब सेव्हर्नवर कोणाचे नव्हते. तर हा गृहस्थ परक्याच्या निळ्या बोटीवर नदी रंगवत होता. आडवी नदी, तिच्यावर एल्व्हर्लीचा पूल, काठाला लव्हाळे. आणि दोन हंस. दुसऱ्या हंसाची मान अजून व्हायची होती.

“कशी झालीय?” नेस्टा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “मालक आला की फाशी देईल याला.”

माझा तोल गेला. खरं पाणी दुसऱ्या बाजूला दोन हातांवर पसरलंय, आणि हा म्हातारा नेस्टाला चितारलेलं दाखवतोय! मी जे सुटले ते सुटलेच. “अरे गाढवा, बोट फिरवायला पाव तास लागतो, पाव तास! दोन दिवस पोटावर पडून चित्रं काढतोस, पण फिरवायची नाही. कसली ही खोड? खरंच, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही!”

एनॉक सावकाश मागे सरकला. सिंकवरून उतरला. कुंचला टर्पेंटाईनमध्ये ठेवला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागावलेला नाही, घाबरलेला. “कोळसा घेतो,” असं काहीतरी पुटपुटला आणि बाहेर गेला. पोती तर मी आधीच उतरवलेली होती.

“बस,” नेस्टा म्हणाली. मी बसले. तिने माझा हात धरला. तिचे हात सदा गार असायचे तेव्हा. “तुला सांगते, पण आधी शपथ घे. तो जिवंत आहे तोवर कुणाला सांगायचं नाही. त्याला तर नाहीच.”

घेतली शपथ.

“त्याच्या लोकांत बोट उलटी कधी बांधतात ठाऊक आहे? बोटीत कोणी गेलं की. त्याच दिवशी बोट फिरवून मागे मागे आत घालतात, तोंड मोकळ्या पाण्याकडे. गेलेल्याला पुढची वाट मोकळी मिळावी म्हणून. एरवी कधीच नाही. तो सात वर्षांचा असताना कालव्यात बर्फ धरला, सरळ आत जाता येईना. बापाने नाइलाजाने बोट उलटी घातली. त्याची आई तेव्हा खोकत होती थोडी. आठवड्यात गेली.”

मी दाराकडे बघितलं, एनॉक गेला होता त्या बाजूला.

“त्याने हे मला कधी सांगितलं नाही,” नेस्टा म्हणाली. “त्याच्या चुलतीने सांगितलं, लग्नाच्या वर्षी. त्याला वाटतं मला माहीत नाही. त्याला वाटतं बोट उलटी घातली की मी गेले. तो तुझ्या शिव्या खाईल, मालकाचा मार खाईल, पण फिरवणार नाही.”

“अगं, पण हे सगळं खुळ आहे,” मी म्हटलं. “तू त्याला समजाव. तुझ्यासाठी तो...”

“माझ्यासाठी फिरवेलही. मग रोज रात्री माझ्या नाकाशी हात धरून जागा बसेल. आणि मी तशीही जाणारच आहे ना गं. मग जन्मभर म्हणेल, मी फिरवली म्हणून गेली.” ती त्या अर्ध्या हंसाकडे बघत होती. “पाणी मी बावन्न वर्षं बघितलं, थेल्मा. आता निळं बघते. त्यात काय.”

“आणि त्याला सांगायचं का नाही, की तुला माहीत आहे?”

“त्याला कळलं की मी जाणूनबुजून या पत्र्यापुढे बसलेय, तर त्याला हा पत्रा बघवणार नाही. मग तो चित्रं कशावर काढील?”

आणि ती हसली. मला हसू येईना. मी बाहेर आले तर एनॉक धक्क्याच्या टोकाला पाठमोरा उभा होता. मी त्याच्याजवळ गेले. माफी मागायला मला कधी जमलं नाही, त्याही दिवशी जमलं नाही. म्हटलं, “दुसऱ्या हंसाची मान जरा लांब काढ. पहिल्याची आखूड झालीय.”

“हो?” तो म्हणाला. “बघतो.”

त्यानंतर मी बोट फिरव हा शब्द काढला नाही. फेब्रुवारीभर दर मंगळवारी जायचे, चहा प्यायचे, निळ्या पत्र्यावरच्या नदीकडे बघायचे. एनॉक तिच्यात दर आठवड्याला काहीतरी भर घालायचा. एक बगळा. गळ टाकून बसलेला एक माणूस. एकदा पुलावर एक बाई काढली, हातात सुटकेस घेतलेली. नेस्टा म्हणाली, “ही कोण?” एनॉक म्हणाला, “असेल कोणी पाववाल्याची मुलगी.” मी कपाटांच्या बाजूला तोंड केलं.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी मी कोळसा घेऊन गेले तर फाटकात ॲम्ब्युलन्स उभी होती. तिला यायला अकरा मिनिटं लागली होती. सोळा पावलं. स्ट्रेचर कुठेही अडलं नाही. सगळं एनॉकने योजलं होतं तसंच झालं, फक्त उपयोग काही झाला नाही. नेस्टा सकाळी चहा पिऊन, कप विसळून, सिंकपुढच्या तिच्या खुर्चीत बसली ती बसलीच. कप पालथा घातलेला होता. एनॉक बोटीच्या पुढच्या टोकाशी कोळसा भरत होता, त्याने हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

तिला नेलं. तो बरोबर गेला आणि दुपारी परत आला. मी थांबले होते, सूप करून ठेवलं होतं. त्याने सुपाकडे बघितलं नाही. सरळ मागे गेला आणि इंजिन सुरू केलं.

मला कळलं.

मिस्टर प्राइस धावत आले. “मिस्टर व्हिटल, आज वारा आहे हो, कुठे निघालात? कोणीतरी थांबवा त्यांना.” मी त्यांच्या दंडाला धरलं. म्हटलं, “मॅनेजरसाहेब, एक शब्द बोलाल तर पाण्यात ढकलीन.” मी दोर सोडले.

एनॉकने ‘ॲडा’ मागे घेतली. मोकळ्या पाण्यात नेऊन फिरवली, सत्तर फूट बोट, हळूहळू, तिचं तोंड नदीकडे येईपर्यंत. मग मागे मागे आणू लागला. अशी लांब बोट मागे जाताना कोणाच्या बापाचं ऐकत नाही, वाऱ्यात तर नाहीच. त्याने ती निळ्या बोटीला केसभरही न लावता आत आणली. एका दमात. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं होतं, तुला मागे घेता येत नाही का आता. बोटीबोटीतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. त्यांच्यातल्या कोणाला ती चाल ठाऊक नव्हती, पण टोप्या काढल्या सगळ्यांनी.

इंजिन थांबलं. तो दांड्याला धरून तसाच उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, “तू म्हणायचीस ना, फिरव, फिरव म्हणून. फिरवली बघ, पोरी.”

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी त्याच्या तोंडावर बोलले होते. खोड गेली. पण मेलं भलतंच कोणी. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही, घशातच आहे.

आम्ही आत गेलो. सिंकवर पालथा कप तसाच. एनॉकने झडपेची कडी काढली, दोन्ही पाखं ढकलली. उजेड एकदम आत आला. समोर पाणी, नुसतं पाणी, पार नदीच्या तोंडापर्यंत, पलीकडे जुना पूल आणि पुलावरून जाणारी एक लाल बस. पाच महिने ते तिथेच होतं. तो तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. खुर्चीत बसला नाही.

“थेल्मा,” तो म्हणाला. “एक विचारतो. तिला माहीत होतं का?”

“काय?”

“मी का फिरवत नव्हतो ते. आमच्यात एक चाल आहे. मी तिला कधी सांगितली नाही. तुला तरी कुठे माहीत असणार. पण तिला कुठून कळली होती का? तुझ्याशी काही बोलली?”

माझ्या जिभेवर आलं होतं. सगळं आलं होतं. चुलती, बर्फ, निळा पत्रा, आता निळं बघते त्यात काय. आयुष्यात मी एक गोष्ट पोटात ठेवलेली नाही. मी त्या कपाकडे बघितलं.

“छे,” मी म्हटलं. “तिला कुठलं माहीत. ती म्हणायची, म्हातारा हट्टी आहे. गाढव आहे म्हणायची.”

एनॉकने मान हलवली. दोनदा हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चक्क हसत होता.

“बरं झालं,” तो म्हणाला. “कळलं असतं तर घाबरली असती गं ती.”

तेवढ्यात झडपेखाली पत्र्यावर ठक ठक झालं. दोन्ही हंस आले होते, माना वर करून. एनॉकने डब्यातला पाव काढला, पण डोळ्यांतल्या पाण्याने त्याला सुरी दिसेना. मग मी तो घेतला आणि तुकडे करून त्याच्या हातात देत गेले.